विहिरीचा पाचवा हिस्सेदार

आधीच सांगून टाकते, महाजन सर काही संतबिंत नव्हते. माणूस गेला की लोक त्याला लगेच देव्हाऱ्यात नेऊन बसवतात, मला ते पटत नाही. सर लग्नाच्या पंगतीत आमच्याकडचा गोड दराबा दोनदा मागून घ्यायचे आणि तिसऱ्यांदा वाढपी आपणहून आला तर नाही म्हणायचे नाहीत. वर्तमानपत्र त्यांनी जन्मात विकत घेतलं नसेल. बुधवाऱ्यातल्या न्हाव्याच्या दुकानात बसून फुकट वाचायचे आणि वर त्यातलं शब्दकोडं सोडवून मोकळे व्हायचे. एकदा तो न्हावीच त्यांना म्हणाला, "सर, कॉलेजात पोरांना मागच्यांचा विचार करायला शिकवता म्हणे. मग आमच्या मागच्या गिऱ्हाइकाने काय करायचं?" सरांचे कान लाल झाले. तेव्हापासून ते फक्त उभे शब्द सोडवायचे आणि आडवे ठेवून द्यायचे. उभे भरले की निम्मे आडवे आपोआप भरतात, हे त्यांना सांगायची हिंमत मात्र कुणी केली नाही.

हे दिगंबर महाजन सर आमच्या बऱ्हाणपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. लोधीपुऱ्यात दोन खोल्यांचं घर, घरी काकू, मूलबाळ नाही. मूळ गाव इच्छापूरच्या रस्त्याला, तापीच्या काठचं. तेच माझंही माहेर. त्यांच्या भावांची केळी आणि आमची केळी यांच्यात एक बांध, बस. मी बी.ए.ला त्यांच्या हाताखाली शिकले आणि आता अकरावी-बारावीला तोच विषय शिकवते. मला ते 'पाटलीणबाई' म्हणायचे. वर्गात सगळ्यांत जास्त तोंड माझं चालायचं म्हणून.

त्यांचं एक वाक्य गावभर झालेलं होतं. कुणी काही नवं करायला निघालं, घर बांधायला, झाड तोडायला, नळाला मोटर लावायला, की सर विचारायचे, "मागच्या बाकाला विचारलं का?" ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटायचं, मास्तरचं डोकं सरकलं. ज्यांना माहीत होतं ते पळ काढायचे.

या वाक्याचा जन्म माझ्यासमोर झाला. दुसऱ्या वर्षाला होतो आम्ही. सर वर्गात आले ते हातात मावा जिलबीचा पुडा घेऊन. गरम गरम, पाक कागदातून बाहेर आलेला. पुडा त्यांनी पहिल्या बाकावर ठेवला, म्हणजे मी आणि माझी मैत्रीण रेहाना, आमच्या दोघींच्या पुढ्यात. म्हणाले, "ज्याला जेवढी योग्य वाटते तेवढी घ्या आणि पुडा मागे सरकवा. वळून बघायचं नाही."

मी दोन उचलल्या. खोटं कशाला बोलू, तिसरीवरही डोळा होता. रेहानाने एक घेतली आणि मग हळूच अजून एक. पुडा मागे गेला. थोड्या वेळाने शेवटच्या बाकावरून आरडाओरडा सुरू झाला. तिथल्या पोरांच्या वाट्याला नुसता पाकाचा कागद आला होता आणि एक जण तो चाटत होता.

सरांनी विचारलं, "पुढच्या बाकावर कुणी चोर आहे का?"

आम्ही म्हटलं, "नाही सर."

"मग यांच्या हातात कागद कसा आला?"

मी बोटांना लागलेला पाक हळूच पुसला. सर म्हणाले, "तुम्ही वाईट नाही. तुम्हाला हे दिसत नव्हते, एवढंच. यांचा गुन्हा काय, तर मागे बसले. आता ऐका. समाजाचं भलं कशात आहे हे मोजायला अर्थशास्त्रात मोठमोठी सूत्रं आहेत. त्यात गरीब धरतात, श्रीमंत धरतात, शेतकरी, कामगार सगळे धरतात. पण सगळ्यांत मागच्या बाकावर कोण बसलंय माहितीये? जी माणसं अजून जन्मालाच आलेली नाहीत ती. त्यांना मत नाही, खिसा नाही, आणि या पोरांसारखं ओरडताही येत नाही. पुडा मात्र तोच एक आहे."

त्या दिवशी जिलबी माझ्या घशात अडकली म्हणणार होते, पण नाही. छान लागली. घरी गेल्यावर मात्र विचार करत बसले.

गंमत पुढच्या वर्षी झाली. आम्ही ज्युनिअर पोरांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. सर पुडा घेऊन वर्गात शिरले आणि सगळे शहाण्यासारखे बसले. पहिल्या बाकाने एक तुकडा मोडला. दुसऱ्याने त्याहून लहान. तिसऱ्याने तर नुसतं बोट लावून चाटलं. पुडा शेवटच्या बाकावर पोचला तो जवळजवळ भरलेला, तोवर जिलबी गार आणि घंटा झालेली. त्या बाकावर त्या दिवशी एकच पोरगा होता. त्याने एकट्याने एवढी खाल्ली की पुढचा तास तो बाहेर कडुलिंबाखाली पोट धरून पडला होता.

सर डोक्याला हात लावून बसले. "अरे गाढवांनो, प्रत्येकाने पुढच्यासाठीच ठेवलं तर खायचं कुणी आणि कधी? आजचा माणूस उपाशी ठेवून उद्याची कोठारं भरायची, हाही अन्यायच. तुमचंही पोट आहे ना?"

म्हणजे सगळं ओरपायचं नाही आणि सगळं राखूनही ठेवायचं नाही. मग नेमकं किती? असं विचारलं की सर हसायचे. "तेच तर कळत नाही. मोठमोठ्या लोकांनी गणितं मांडली. पिढ्यांना शेवटच नाही असं धरलं तर सगळ्यांना अगदी सारखं मोजणारा तराजूच हाती लागत नाही. म्हणून विचारत राहायचं. विचारणं थांबलं की पुडा संपला समजा."

पुस्तकातल्या एका गोष्टीचा मात्र त्यांना मनस्वी राग होता. हिशोबाची एक रीत असते. उद्याचं सुख आजच्यापेक्षा थोडं कमी धरायचं, परवाचं त्याहून कमी. असं करत करत गेलं की आपल्या पणतवंडाचं अख्खं आयुष्य आपल्या एका कप चहापेक्षा हलकं भरतं. सरांनी ते सूत्र फळ्यावर लिहिलं, डस्टर खाली ठेवलं आणि आम्हाला सगळ्यांना गच्चीवर नेलं. थंडीचे दिवस होते, आभाळ स्वच्छ. उत्तरेला असीरगड दिसत होता.

"केवढा दिसतो?" त्यांनी एकाला विचारलं.

"सर, काडेपेटीएवढा."

"मग घाल खिशात."

आम्ही हसलो. पण सर एवढ्यावर सोडणारे नव्हते. त्याच रविवारी त्यांनी आम्हाला खरंच असीरगडावर नेलं. चढता चढता सगळ्यांची जीभ बाहेर आली, सर स्वतः दर वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबत होते आणि नाडी काही सुटलेली नव्हती. वर पोचल्यावर त्यांनी त्याच पोराला पुढे बोलावलं. "आता बऱ्हाणपूर केवढं दिसतं?"

"काडेपेटीएवढंच, सर."

"तिथे तुझी आई आहे ना? ती काडेपेटीत राहते का?"

पोरगा डोळ्यांवर हात धरून आपलं घर शोधायला लागला. सर म्हणाले, "लांबचा माणूस लहान दिसतो. लहान होत नाही. पेपरात सूत्र बरोबर लिहा, मार्क द्यायला मी बांधलेला आहे. पण घरी जाऊन त्यावर विश्वास ठेवू नका."

वर्गात त्यांना अडवलं ते फक्त रेहानाने. तिच्या अब्बांचे दोन पॉवरलूम होते, ते दिवसभर खडखडत राहायचे आणि त्या आवाजात ती अभ्यास करायची. ती उठून म्हणाली, "सर, एक बात बताइए. पुढचे लोक तर आमच्यापेक्षा पैसेवालेच होतील ना? आमच्या दादाजींपेक्षा अब्बा बरे आहेत, अब्बांपेक्षा मी बरी होईन. मग माझ्या गरीब अब्बांनी कुणाच्या तरी अमीर पणतीसाठी पोट का मारायचं?"

सरांनी खडू खाली ठेवला. नंतर म्हणाले, "उद्या सांगतो." हे शब्द उच्चारणारा शिक्षक मी आयुष्यात तो एकच पाहिला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "रेहाना, तू निम्मी बरोबर आहेस. त्याग मागायचा तर आधी ज्याचं पोट भरलंय त्याच्याकडे मागावा. तुझ्या अब्बांकडे मागणारा मी कोण? पण निम्मी चूकही आहेस. तुझ्या पणतीकडे कपडे शंभर असतील, मोबाइल दहा असतील. आणि पाणी नसेल तर? शंभर कपडे पिळून पेलाभर पाणी निघतं का?" रेहाना त्या वेळी खूश झाली. आम्ही सगळ्यांनी ते उत्तर पाठ केलं. सरांनी स्वतः ते किती पाठ केलं होतं हे पुढे विहिरीच्या वादात कळलं.

आता विहिरीकडे येते. महाजनांच्या शेतातली ती विहीर त्यांच्या आजोबांच्या वेळची, चार भावांत सामाईक. थोरले भाऊ वारले होते, त्यांच्या जागी त्यांचा मुलगा गोपाल. दुसरे भास्करअप्पा, तोंडाने फटकळ. तिसरे प्रल्हादभाऊ, बोलतील तर शपथ. चौथे सर. आमच्याकडे सामाईक विहिरीला बारी असते, म्हणजे आज एकाने मोटर चालवायची, उद्या दुसऱ्याने. चार हिस्सेदार, चार दिवस, की पुन्हा पहिला. सरांचं शेत गोपाल निम्म्या वाट्याने करायचा, त्यामुळे सरांची बारीही तोच वापरायचा.

केळीला पाणी किती लागतं ते ज्याने लावली त्यालाच ठाऊक. दर उन्हाळ्यात विहीर खाली जायची आणि तिच्या मागे मोटर खाली उतरवावी लागायची. सर रिटायर झाले त्यानंतरच्या एका चैत्रात सगळ्यांनी ठरवलं की विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारून आजूबाजूचं पाणीही ओढायचं. मी तेव्हा माहेरी आले होते. आईने ताकाची चरवी देऊन मला त्यांच्या ओट्यावर पाठवलं आणि मी अर्थातच तिथेच बसून राहिले.

अप्पा म्हणाले, "दिगू, आडवे बोअर मारायचं ठरून राह्यलं. तुले सांगतलं, बस."

सरांनी ताक संपवलं, मिशा पुसल्या. "मागच्या बाकाला विचारलं का?"

"झालं याचं सुरू!"

"अप्पा, विहिरीचे हिस्सेदार किती?"

"चार. तुले नाही मालूम का?"

"पाच आहेत. पाचवा अजून यायचाय."

अप्पांनी चटकन गोपालच्या नव्या सुनेकडे पाहिलं. ती बिचारी दारात उभी होती, पदर सावरत आत पळाली. सर म्हणाले, "अहो, तिला कशाला घाबरवता? मी पुढच्या सगळ्यांचं बोलतोय. चार दिवसांचं चक्र पाच दिवसांचं करा. पाचव्या दिवशी मोटर बंद, विहिरीला विसावा. तो दिवस त्यांचा."

"आन् आपन बंद ठेवली तं शेजारचा ओढंल ना!" अप्पांनी माझ्याकडे बोट केलं, कारण शेजारचे म्हणजे आम्हीच. "मंग?"

"ओढेल. त्यालाही विचारू. तो ऐकेपर्यंत आपण आपल्याच विहिरीत चोरी करायची का?"

शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी अप्पांच्या तोंडून नको ते गेलं. "तुले ना मूल ना बाळ. तुले कशाले पाहिजे पुढच्याची उठाठेव?"

मला वाटलं, सर आता उठून जाणार. पण ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर, अप्पा. माझं स्वतःचं कुणी मागच्या बाकावर नाही. त्यामुळे मला तिथले सगळे सारखेच दिसतात."

काय बोललात सर! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण इथे ते थांबले असते तर बरं झालं असतं. सर उठले, एका पायात चप्पल घातली आणि म्हणाले, "तुम्हाला नाही पटत ना? ठीक आहे. मग माझी बारी मी देतो त्या पाचव्याला. आजपासून माझ्या दिवशी मोटर चालणार नाही."

तेव्हा गोपाल बोलला. तोवर तो खांबाला टेकून नुसता ऐकत होता.

"काका, थांबा. तुमच्या बारीवर केळी कोनाची हाये?"

सर थांबले.

"माझी हाये. आत्ता निसवून राह्यली. या महिन्यात पानी तुटलं तं घड कांडीवानी राहीन. तुम्ही पेन्शनवाले. दान तुमचं, आन् सुकंल माझं." त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "जो जन्मला नाही त्याची तुमाले एवढी काळजी, काका. मी तं जन्मलेलो हाये ना?"

केळी निसवते म्हणजे पोटातून घड बाहेर पडतो. वर्षभराची मेहनत त्या महिन्यात दिसते किंवा मातीत जाते. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, शेतकऱ्याच्याच पोटचे ते. पण त्या क्षणी ते विसरले होते. एका पायात चप्पल तशीच, ते पायरीवर खाली बसले. मग दुसरी चप्पल घालून बस पकडायला निघून गेले. मला भयंकर राग आला. गोपालचा की सरांचा, ते तेव्हा कळलं नाही.

नंतर बुधवाऱ्यात मला ते न्हाव्याच्या दुकानात दिसले. वर्तमानपत्र मांडीवर होतं, कोडं कोरं, उभे शब्दसुद्धा भरलेले नव्हते. मी आत जाऊन बसले. ते म्हणाले, "पाटलीणबाई, मी पुडा मागे सरकवला खरा. पण जिलबी माझ्या हातातली नव्हती, गोपालच्या हातातली होती. रेहानाने हेच विचारलं होतं. तिला मी उत्तर दिलं, तिला मार्क दिले, आणि स्वतः काही शिकलो नाही."

"मग आता?"

"आता माफी मागायची. ते काही सूत्रात बसत नाही, पण करावं लागतं."

पुढच्या रविवारी ते गावी आले ते मावा जिलबीचा पुडा घेऊन. पहिली जिलबी त्यांनी गोपालच्या हातावर ठेवली. "तुझा शेवटचा घड निघेपर्यंत माझी बारी तुझी. मी त्या दिवशी मूर्खासारखं बोललो." एवढ्या शिकलेल्या काकाने असं सगळ्यांसमोर म्हणणं गोपालला सोसलं नाही, तो उगाच घागर उचलून पाणी आणायला गेला.

मग सर अप्पांना घेऊन केळीत शिरले. आम्हीही मागोमाग. एका झाडापाशी थांबून सरांनी विचारलं, "अप्पा, बुडाशी इतकी पिलं फुटतात. तुम्ही ती सगळी का छाटता?"

पील म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पोर झाड. अप्पा वैतागले. "तू मले केळी शिकवतो का आता? नाही छाटली तं मायचं सारं खाऊन घेतीन ते."

"मग शेवटी एक का ठेवता?"

"नाही ठेवलं तं पुढच्या साली काय तुझं पुस्तक पिकवू?"

"आणि ते एक कधी ठेवता?"

"घड निसवल्यावर. त्याच्या आधी नाही. मायच्या पोटात हाये ते आधी बाहेर येऊ द्या लागते." एवढं बोलून अप्पा थांबले. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांना कळलं होतं. सरांनाही कळलं होतं, पण ते हसले नाहीत. हसले असते तर अप्पा पुन्हा उखडले असते.

"मी आधी उलटं बोलत होतो," सर म्हणाले. "आईचा घड निसवायच्या आधीच पील ठेवा म्हणत होतो. आता सरळ बोलतो. गोपालची केळी निघू द्या. त्यानंतर पाच दिवसांचं चक्र. माझ्या शेतात गोपालने निम्म्यात केळी लावावी, निम्म्यात कमी पाण्याचा हरभरा, आणि त्यातलं सगळं त्याचं. माझा वाटा मला नको. पाचव्या दिवसाचं पहिलं नुकसान मी सोसतो, मग तुम्ही दोघं. गोपालकडे सगळ्यांत शेवटी यायचं."

गोपाल घागर घेऊन परत आला होता. म्हणाला, "असं असंल तं बोअर बी नको. मले मंजूर हाये."

आणि मग चमत्कार झाला. प्रल्हादभाऊ बोलले. "मोटर दर साली खाली सोडतो आपन. कुठवर सोडसान? खाली तं दगडच हाये." एवढं बोलून ते पुन्हा वर्षभरासाठी गप्प झाले. अप्पांनी एक जिलबी तोंडात टाकली, दुसरी हातात घेतली आणि म्हणाले, "करा मंग. तुम्ही साऱ्यांनी ठरवलं तं मी कोन?" आमच्या अप्पांचा होकार नेहमी असाच यायचा.

मोटरच्या खोलीच्या भिंतीवर बारीची चार नावं निळ्या रंगात लिहिलेली होती. सरांनी खाली पाचवी ओळ आखली आणि पुढची जागा रिकामी सोडली. गावात चेष्टा झाली नसती तरच नवल. माझा सख्खा भाऊ बांधावरून ओरडायचा, "अप्पा, आज कोनाची बारी? भुताची का?" एका पाचव्या दिवशी अप्पांनीच मोटर सुरू केली, आणि नेमके सर बसमधून उतरून समोर उभे. अप्पा म्हणाले, "टेस्टिंग करून राह्यलो." सर नुसते त्या रिकाम्या ओळीकडे बघत उभे राहिले. अप्पांनी शिव्या घालत बटण बंद केलं. त्यानंतर मात्र त्या दिवशी कुणी बटणाला हात लावला तर अप्पाच काठी घेऊन धावायचे.

विहीर भरून वाहायला लागली असं मी सांगणार नाही, तसं गोष्टीत होतं. खरं एवढंच की पहिला उन्हाळा जड गेला, दुसरा जरा बरा गेला, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मोटर खाली उतरवावी लागली नाही. त्या साली पाऊस बरा झाला होता, हेही सांगायला हवं. सर स्वतःच ते प्रत्येकाला सांगायचे. अप्पा चिडायचे, "अरे, घे ना थोडं श्रेय, पावसाले कशाले देतो?" पण त्याच साली माझ्या भावाने आमच्या विहिरीवरच्या भिंतीला चुना मारला, बारीची नावं नव्याने लिहिली आणि मला न सांगता एक ओळ रिकामी सोडली. विचारलं तर म्हणाला, "रंग संपला." बरं बाबा, संपला असेल.

काकू मात्र शेवटपर्यंत कुरकुरत राहिल्या. "जगाला पुढच्यांसाठी ठेवा सांगतात, आणि घरात उद्याची भाजी आजच संपवतात." सर म्हणायचे, "अगं, तुझी भाजीच तशी असते." मी सांगितलं ना, संत नव्हते.

शेवटी त्यांना दम्याने गाठलं. गोपालच्या त्या लाजऱ्या सुनेला मुलगी झाली तेव्हा सर जिना चढायचेही बंद झाले होते. बारशाला गोपाल स्वतः गाडी घेऊन लोधीपुऱ्यात गेला आणि त्यांना घेऊन आला. नाव ठेवलं ईश्वरी. घुगऱ्या वाटून झाल्या आणि गोपाल निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन उठला. म्हणाला, "काका, चला. पाचवा हिस्सेदार आला!"

सगळी वरात विहिरीवर निघाली. सरांसाठी खुर्ची आणली होती. गोपालने ब्रश रंगात बुडवला आणि त्या रिकाम्या ओळीपाशी नेला. बायका गाणं म्हणत होत्या, अप्पा नाचायचेच बाकी होते. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो आला म्हणून माझेही डोळे भरून आले होते.

"थांब," सर म्हणाले.

त्यांनी ईश्वरीला मांडीवर मागून घेतलं. तिने त्यांचं बोट पकडलं. "ही आली ना, गोपाल? आली म्हणजे पुढच्या बाकावर बसली. हिला भूक आहे, तहान आहे, आता ओरडताही येतं." ती खरंच ओरडत होती. "ती ओळ हिची नाही. हिच्या मागच्यांची आहे. ती रिकामीच राहू दे."

गोपालचा चेहरा पडला. "मंग हिचं नाव कुठं लिहू, काका? हिले बारी नाही का?"

"आहे तर. ब्रश दे इकडे. आणि चुना आहे का थोडा?"

चुना आणला. सर खुर्चीवरून उठले, गोपालच्या खांद्याचा आधार घेतला आणि चौथ्या ओळीवर चुन्याचा हात फिरवला. 'दिगंबर' आधी फिकं झालं आणि मग पुसलं गेलं.

अप्पा धावत आले. "दिगू! काय करून राह्यला रे?"

"जागा करून देतोय, अप्पा," सर म्हणाले. "आपल्याला कुणीतरी करून दिलीच होती की."

अप्पा तिथेच मटकन बसले आणि पोरासारखे रडले. चुना वाळेपर्यंत सर वाट बघत उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मग त्यांनी निळ्या रंगात नाव लिहिलं. 'ई' मोठी झाली, 'री'ला जागा पुरेना, ओळ शेवटी खाली उतरली. खालची पाचवी ओळ तशीच कोरी राहिली.

निघताना मी त्यांना गाडीत बसवलं. काच खाली करून ते भिंतीकडे बघत होते. मी त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं.

"पाटलीणबाई, ओळ सरळ आली का?"

खोटं बोलायची सवय त्यांनी मला लावलीच नव्हती. "नाही सर. तिरकी झाली."

"असू दे," ते म्हणाले. "ती मोठी झाली की सरळ करेल."